मालवणात जेवायला बसण्याआधी: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

मे महिना असो वा जोडून आलेल्या सुट्ट्या, मालवण-तारकर्लीच्या खानावळींसमोर दुपारी एक वाजता नंबर लावूनच उभं राहावं लागतं. भूक लागलेली असते आणि समोर समुद्र असतो. मग ताटात येईल ते ताजं, अस्सल आणि रास्तच असणार, असं आपण धरून चालतो. त्यातलं काय खरं आणि काय नुसतंच ऐकीव, ते पाहू.

गैरसमज १: किनाऱ्यावर बारा महिने त्याच दिवशीचा मासा मिळतो.

वस्तुस्थिती: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. अनेक जातींच्या विणीचा हा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. बंदीतून सूट असते ती इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना. त्यामुळे जुलैत ताटात पडलेली सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने तिकडची मासेमारी आपल्याआधी सुरू होते. पावसाळ्यात सुरमईचा हट्ट सोडून खाडीचा मासा, सुका बांगडा किंवा सोडे मागवावेत. कोकणातली घरंही त्या दिवसांत तेच खातात.

कोळंबीचं गणित वेगळं. भारतात २००९ पासून वन्नामेई या परदेशी जातीच्या कोळंबीची तळ्यांत शेती होते. बिनकाट्याचा ‘फिश टिक्का’ तर अनेकदा बासाचा असतो आणि बासा हा गोड्या पाण्यात वाढवलेला मासा आहे. दोन्ही खायला हरकत नाही, फक्त ते ‘समोरच्या समुद्रातलं’ म्हणून खाऊ नये.

गैरसमज २: बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा.

वस्तुस्थिती: पकडल्याबरोबर बर्फात गेलेला मासा हा उन्हात तासन् तास पडलेल्या ‘आजच्या’ माशापेक्षा केव्हाही चांगला. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. ते उबदार जागी राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा नंतर गोठवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. आपण ‘मासे बाधले’ म्हणतो किंवा ॲलर्जी समजतो. दोष मात्र साठवणुकीचा असतो. माशाचा घास जिभेला मिरीसारखा चुरचुरला, तर तो बाजूला ठेवावा. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

मासा दाखवत असतील तर जरूर पाहावा. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, मांस बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारं, ही चांगली लक्षणं. जाड रव्याच्या थराखाली यातलं काहीच दिसत नाही.

गैरसमज ३: जितकं लाल आणि तिखट, तितकं अस्सल मालवणी.

वस्तुस्थिती: मालवणी मसाल्यात मिरचीइतकंच महत्त्व धणे, बडीशेप आणि खड्या मसाल्याला आहे. चव उभी राहते ती ओल्या नारळाच्या वाटणावर, सोलांच्या आंबटपणावर आणि बांगड्यासारख्या माशात घातलेल्या तिरफळांवर. नुसत्या तिखटाने घाम फुटतो, मालवणी चव येत नाही. शाकाहाऱ्यांनीही उपाशी राहण्याचं कारण नाही. काळ्या वाटाण्याची आमटी, हंगामात ओल्या काजूंची उसळ, घावन आणि आंबोळी हे इथलं रोजचं जेवण आहे.

गैरसमज ४: माशांवर सोलकढी प्यायली तर कोड उठतं, कारण तिच्यात दूध असतं.

वस्तुस्थिती: ते दूध नारळाचं. शिवाय मासे आणि गाईचं दूध एकत्र खाल्ल्याने कोड होतं, यालाही वैद्यकीय पुरावा नाही. कोड होतं ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने. सोलकढीबाबत पाहायचं ते एवढंच, की ती ताजी आहे का. नारळाचं दूध उकाड्यात लवकर आंबतं.

गैरसमज ५: बिलात छापलेलं सगळं द्यावंच लागतं.

वस्तुस्थिती: सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ते आपोआप बिलात जोडू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. जीएसटीचं तसं नाही, तो कर आहे. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. मात्र जीएसटी नोंदणी नसलेली किंवा कंपोझिशन योजनेत असलेली खानावळ तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. उलट, बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं की आपण भांडतो. पण बसून खाण्याची सोय देणाऱ्या हॉटेलांना तसं करता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

गैरसमज ६: गोवा इथून जवळच, तिथली स्वस्त बाटली मालवणात आणली तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग सिंधुदुर्गात अशी दारू पकडतो, गाडीही जप्त होऊ शकते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, इतर दारूसाठी २५ आहे. हॉटेलात बसून प्यायची तर ती परमिट रूममध्येच, समुद्राच्या वाळूवर नव्हे.

समुद्र जवळ असणं ही ताजेपणाची हमी नव्हे. म्हणून मेन्यूकार्ड उघडण्याआधी मालकांना विचारा, “आज कसलो मासो ताजो आसा?” माशाच्या आकारावर दर ठरणार असेल, तर तोही मासा तव्यावर जाण्याआधीच विचारून घ्या. चांगला खानावळवाला या प्रश्नांवर रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे जेवू नका.