एलईडी इंडिकेटर घाईत का?

हौसेने एलईडी इंडिकेटर बसवले की ते बऱ्याचदा भलत्याच वेगाने उघडझाप करू लागतात. दिवे सहसा ठीकच असतात. मोटरसायकलचा मूळ बल्ब बहुधा 10 वॉटचा, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 0.8 अँपिअर खेचणारा. एलईडीचं त्याहून फारच कमी करंटवर भागतं. त्यामुळे उघडझाप करवणाऱ्या जुन्या धाटणीच्या फ्लॅशरला वाटतं, एखादा बल्ब उडाला, आणि तो वेग वाढवतो. यावर एलईडीला चालणारा फ्लॅशर लावावा. काही मेकॅनिक रेझिस्टर सुचवतात, पण तो चांगलाच तापतो. प्लास्टिकजवळ तर नकोच. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत असतील तर दुखणं वेगळं. काही गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच छोटा दिवा असतो, त्यातून करंट पलीकडे जातो. तिथे अर्थिंगसह दोन डायोड जोडावे लागतात. नुसता फ्लॅशर बदलून हे थांबत नाही.