कट्ट्यावरची बारीक अक्षरे

कंट्रोलचा तांदूळ निवडताना काही दाणे वेगळे दिसतात. "ताई, प्लास्टिकचा तांदूळ आला," असे बाया सांगतात आणि ते दाणे वेचून कोंबड्यांपुढे टाकतात. भगिनींनो, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळून बनवलेले ते दाणे आहेत. शंभर दाण्यांत एक, असे ते मिसळतात.

ही माहिती कट्ट्यावर असते. निळ्या रंगात '+F' हे चिन्ह छापलेले असते. पण कट्टा 50 किलोचा आणि तो राहतो दुकानात. आपल्या थैलीत येतो तो सुटा तांदूळ. चिन्ह घरी पोहोचतच नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि गोंड, माडिया पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. 2018 च्या नियमानुसार लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर सूचना छापणे बंधनकारक होते: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावे, सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. पुढे तज्ज्ञांच्या समितीने धोक्याचा पुरावा नसल्याचे सांगितले आणि 2024 मध्ये ही अट काढली. पण ती लागू होती तेव्हाही सुटा तांदूळ घेणाऱ्या किती जणांनी वाचली असेल? शिवाय वेष्टनावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की कायदा भागतो. मराठीचे बंधन नाही, गोंडी-माडियाचे तर नाहीच.

उलट सिकलसेलचे कार्ड पाहा. लाल म्हणजे रुग्ण, पिवळे म्हणजे वाहक. निरक्षर आजीसुद्धा सांगते, "नातवाचं लाल कार्ड आहे." लेबल असे हवे: मोठे अक्षर, ठळक रंग, आपली भाषा.

तोवर एवढे करा. दुकानात कट्ट्यावरचे चिन्ह बघा. दुकानदाराला दुकानातच मराठी फलक लावायला सांगा, ग्रामसभेत विषय मांडा. घरात लाल कार्ड असेल तर स्वतःहून तांदूळ बंद करू नका; कार्ड घेऊन डॉक्टरांना विचारा. वारंवार रक्त चढवावे लागत असेल तर नक्की विचारा, कारण त्यातून शरीरात लोह साठते. लोहाच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका.

आपण काय खातो हे कळणे हा आपला हक्क आहे. तो बारीक अक्षरांत हरवू देऊ नका.