डीबगर शिकवणाऱ्या फायलींची परीक्षा

सॉफ्टवेअरच्या जगात सध्या एका वेगळ्याच लेखनाला बहर आला आहे. त्याचा वाचक माणूस नाही. कोड लिहिणाऱ्या आणि त्यातल्या चुका शोधणाऱ्या एआय एजंटसाठी साध्या मजकुराची एक फाइल लिहायची, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि एजंट ती वाचून शहाणा होईल अशी आशा धरायची. ‘एजंट्स डॉट एमडी’ हा त्याचा एक प्रचलित साचा, तर अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेली ‘एजंट स्किल्स’ हा दुसरा. डीबगिंग हा अशा फायलींचा आवडता विषय: जीडीबी हा डीबगर कसा चालवायचा, कोअर डंपमध्ये (क्रॅशच्या वेळी जतन झालेल्या मेमरीच्या प्रतीत) काय पाहायचे, पायथनच्या पीडीबीचा ब्रेकपॉइंट कुठे लावायचा. फायली धडाधड लिहिल्या जातात, पण त्या उपयोगी आहेत की नाहीत हे ठरवण्याच्या बाबतीत बराच गोंधळ आहे.

सर्वांत रुळलेला गैरसमज असा की, एखाद्या अनुभवी इंजिनिअरने फाइल वाचून ‘छान, मुद्देसूद आहे’ म्हटले की काम झाले. प्रत्यक्षात एजंट ती फाइल उघडतच नाही, असेही घडते. स्किल्सच्या रचनेत सुरुवातीला एजंटसमोर स्किलचे नाव आणि थोडक्यात वर्णन एवढेच येते. मूळ मजकूर तो गरज वाटली तरच वाचतो. वर्णनात नुसते ‘जीडीबीविषयी मार्गदर्शन’ असेल आणि वापरकर्त्याची तक्रार ‘मोठी फाइल टाकली की प्रोग्राम मध्येच बंद पडतो’ अशी असेल, तर दोन्हींचा संबंध एजंटला लागेलच याची खात्री नाही. म्हणून पहिली चाचणी मजकुराची नसून वर्णनाची असते, आणि ती दोन्ही बाजूंनी घ्यावी लागते. क्रॅशच्या तक्रारीवर फाइल उघडली जायला हवी. वेबपेजवरच्या बटणाचा रंग बदलायचा असेल तेव्हा ती उघडली जाता कामा नये. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

‘बग सुटला, म्हणजे फाइल कामाला आली’ हा समज जास्त फसवा. तोच बग तेच मॉडेल फाइलशिवायही सोडवत असेल, तर श्रेय फाइलला कसे द्यायचे? तीच कामे, तेच मॉडेल, तेच वातावरण ठेवून एकदा फाइलसह आणि एकदा फाइलविना चालवल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. शिवाय बग कसा सुटला हेही पाहावे लागते. एसडब्ल्यूई-बेंच ही गिटहबवरच्या खऱ्या तक्रारींवर बेतलेली प्रसिद्ध चाचणी. तिच्यात २०२५ मध्ये असे आढळले की काही एजंट गिटचा इतिहास चाळून पुढच्या काळातली दुरुस्ती थेट पाहत होते. रिपॉझिटरीत भविष्यातले कमिट शिल्लक राहिले होते. थोडक्यात, पेपर फुटला होता. डीबगरच्या फाइलची परीक्षा घेताना असे झाले तर गुण पूर्ण मिळतील आणि डीबगर एकदाही उघडला गेलेला नसेल.

यासाठी उत्तराबरोबर वाटही तपासायची. एक उदाहरण जरा जवळून पाहू. सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये एक फंक्शन चुकून बफरच्या पलीकडे लिहिते आणि शेजारचा पॉइंटर बिघडवते. क्रॅश मात्र बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच फंक्शनमध्ये होतो. बॅकट्रेस, म्हणजे क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी, त्या निरपराध फंक्शनकडे बोट दाखवतो. नवखा एजंट तिथेच ‘पॉइंटर नल आहे का’ अशी तपासणी घालून मोकळा होतो. क्रॅश थांबतो, टेस्ट पास होते, रोग तसाच राहतो. मोझिलामध्ये सुरू झालेल्या ‘आरआर’ या साधनाने प्रोग्रामची संपूर्ण धाव नोंदवून ती उलटी चालवता येते. बिघडलेल्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा, ‘रिव्हर्स कंटिन्यू’ द्यायचे; त्या पत्त्यावर शेवटचे लिहिले गेले त्या ओळीवर गाडी येऊन थांबते. फाइल चांगली असेल तर एजंटच्या कामाच्या नोंदीत हा क्रम दिसायला हवा: नोंद, वॉचपॉइंट, उलटी धाव आणि मग दुरुस्ती. परीक्षकाने विचारायचा प्रश्नही नेमका हवा. कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीने पॉइंटर बिघडवला? या प्रश्नाचे उत्तर अंदाजपंचे देता येत नाही.

यातही एक मेख आहे. आरआरला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात आणि अनेक व्हर्च्युअल मशीन ते उपलब्धच करून देत नाहीत. लेखकाच्या लॅपटॉपवर फाइल उत्तम ठरते. क्लाउडवरच्या कंटेनरमध्ये एजंट ‘आरआर चालत नाही’ या संदेशाशी झगडत बसतो. जिथे एजंट काम करणार, तिथेच परीक्षा घ्यायला हवी.

साधन हाती दिले की कौशल्य आपोआप येते, असेही पुष्कळांना वाटते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०२५ मध्ये ‘डीबग-जिम’ नावाच्या वातावरणात अनेक मॉडेलांच्या हाती पीडीबी दिला. एसडब्ल्यूई-बेंच लाइटच्या ३०० कामांवर सर्वांत चांगल्या मॉडेलचे सरासरी यश ४८.४ टक्के होते. संशोधकांनी नोंदवलेले एक संभाव्य कारण असे की, माणूस टप्प्याटप्प्याने डीबगिंग करताना जे निर्णय घेतो, त्याचे नमुने प्रशिक्षणाच्या मजकुरात फारसे नसतात. ही उणीव भरण्याची आशा सूचना-फायलींकडून आहे, आणि म्हणूनच त्या ती भरतात का हे मोजायला हवे.

मग फाइलमध्ये काय असावे? ‘जास्त सविस्तर तेवढी चांगली’ या समजापायी काही जण जीडीबीचे अख्खे मॅन्युअलच ओततात. बॅकट्रेस म्हणजे काय हे मॉडेलला ठाऊकच असते. त्याला अडवतात त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. लांबलचक आउटपुटच्या मध्येच जीडीबी ‘पुढे पाहण्यासाठी रिटर्न दाबा’ म्हणून थांबतो. एजंट ती की दाबत नाही आणि वेळ संपतो. उपाय म्हणजे पेजिनेशन बंद करणे किंवा बॅच मोड वापरणे. ऑप्टिमायझेशनसह बिल्ड केलेल्या प्रोग्राममध्ये व्हेरिएबलची किंमत मागितली की ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढेच मिळते. मग डीबग बिल्ड कशी काढायची, ते प्रोजेक्टनुसार सांगावे लागते. अशा दहा ओळी शंभर ओळींच्या व्याख्यानाला भारी पडतात. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेल कमी वापरतात, हे २०२३ मधल्या एका गाजलेल्या संशोधनात दिसले होतेच.

एकदा चालवून पाहणे पुरेसे नाही, हे साधे गणित आहे. एजंट दर खेपेला ७० टक्के शक्यतेने यशस्वी होत असेल, तर तीनपैकी निदान एकदा यश मिळण्याची शक्यता ९७ टक्के, आणि तिन्ही वेळा मिळण्याची फक्त ३४. पहिला आकडा जाहिरातीत शोभतो. रोज त्या एजंटवर विसंबणाऱ्याला दुसरा हवा. सिएरा कंपनीच्या २०२४ मधल्या ‘टाऊ-बेंच’ चाचणीने नेमका हा दुसरा निकष पुढे आणला. कामांची संख्याही बघावी: २० पैकी १२ वरून १४ वर जाणे ही प्रगती वाटते, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

दुसऱ्या मॉडेलला परीक्षक नेमणे सोयीचे असते, मात्र ही मॉडेले लांबलचक उत्तरांकडे आणि काही वेळा आपल्याच धाटणीच्या उत्तरांकडे झुकतात. वॉचपॉइंट लावला की नाही, टेस्ट पास झाली की नाही, अशा गोष्टी साध्या स्क्रिप्टने तपासाव्यात. निदानाचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे का, एवढ्यापुरताच असा परीक्षक वापरणे बरे.

आणि ‘डीबगर तर फक्त बघतो, त्याने काय बिघडणार?’ हाही एक समज. जीडीबी चालू प्रोसेसला जोडला की ती प्रोसेस जागच्या जागी थांबते. ती ग्राहकांच्या ऑर्डर घेणारी असेल, तर तेवढा वेळ ऑर्डर खोळंबतात. कोअर डंपमध्ये मेमरीतले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही असू शकतात. तेव्हा परीक्षेतल्या निदान एका कामात चाचणीच्या प्रोसेसशेजारी ‘प्रॉडक्शन’ असे नाव दिलेली एक खोटी प्रोसेस चालू ठेवावी. एजंटने तिला डीबगर जोडला, तर बग सुटला असला तरी ते काम नापास धरावे.