मालमोटारीचें तेल कोठून गळतें?

उंसाच्या हंगामांत कडेगांवकडे मालमोटार एक दिवस उभी राहिली, तर तोडलेला ऊंस शेतांतच वाळून वजनांत घटतो. म्हणून डिझेल एंजिनाखालीं तेलाचा डाग दिसतांच मालक घाईनें खालच्या चेंबरचें गॅस्केट बदलतो, आणि डाग पुन्हां पडतो! बिचाऱ्या गॅस्केटला विनाकारण दोष येतो. वरच्या टॅपेट-कव्हरांतून पाझरलेलें तेल उतारानें खालीं येतें. गाडी धांवत असतां वारा तें मागें नेतो. याकरितां एंजिन धुऊन कोरडें करावें, बाहेरून खडूची पूड भुरभुरावी आणि गाडी थोडी चालवून आणावी. सर्वांत वरचा व पुढचा ओला ठिपका, हेंच बहुधा उगमस्थान.

तेथील सील बदलूनही गळती थांबेना, तर ब्रीदर, म्हणजे एंजिनाची श्वासनळी, पाहावी. डिझेल एंजिनांत हवा सुमारें १५ ते २० पट दाबली जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या कीं तो दाब खालीं उतरतो. ब्रीदर चोंदलेला असला तर चेंबरांत कोंडतो आणि नव्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो. जाणता मिस्त्री तेल भरण्याचें झांकण काढून चालू एंजिनाची फुंकर हातानें अजमावतो. शोध लागेपर्यंत रोज सकाळीं, एंजिन थंड असतां, गेजपट्टी पाहावी. तेल खालच्या खुणेखालीं गेलें तर क्रँकचीं बेअरिंगें धरतात.