सदतीस हजार माणसांचा हिशेब

१,१२,५८,११७. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांची २०११च्या जनगणनेतली एकत्र लोकसंख्या एवढी भरते. जागतिक आरोग्य संघटना स्किझोफ्रेनियाचं प्रमाण ढोबळमानाने ३०० माणसांत एक असं सांगत आली आहे. अमरावतीच्या राजापेठेतून बडनेऱ्याकडे पन्नास-पन्नास प्रवासी घेऊन सहा बस निघाल्या, तर त्यांतला एक जण. या प्रमाणाने आपल्या अमरावती विभागात सुमारे ३७,५०० रुग्ण असायला हवेत.

आता दुसरा आकडा पाहा. स्किझोफ्रेनियाच्या जनुकांवरचा त्या काळातला सर्वांत मोठा अभ्यास २०१४ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात ३६,९८९ रुग्ण होते. अनेक देशांतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून जमवलेली ही संख्या, आणि तेवढेच रुग्ण एका अमरावती विभागात राहत असावेत.

इतकी माणसं लागतात तरी कशाला? विदर्भाला सिकलसेल ठाऊक आहे. तिथे एका जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि आजार होतो. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. स्किझोफ्रेनियात असं एकच अक्षर सापडत नाही. २०१४च्या अभ्यासात जिनोममधल्या १०८ जागा हाती लागल्या. २०२२ साली ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसं तपासल्यावर त्या २८७ झाल्या. यातल्या बहुतेक जागी बदल असला तरी धोका पाच-दहा टक्क्यांनीच वाढतो. म्हणजे आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर ती हजारात अकराच्या आसपास जाते. दहा आणि अकरा यांतला हा फरक शे-दोनशे रुग्णांत दिसूच शकत नाही. त्यासाठी माणसं हजारोंनी मोजावी लागतात.

इथे एका आकड्याबद्दल थांबून बोलायला हवं, कारण त्याने घरं मोडतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के सांगितली जाते. हे वाचून अनेकांना वाटतं की बापाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ८० टक्के. हे साफ चूक आहे. समाजात माणसा-माणसांत या आजाराच्या धोक्याचा जो फरक दिसतो, त्यातला ८० टक्के वाटा जनुकांतल्या फरकांचा, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आई-बापांपैकी एकाला आजार असताना मुलाला तो होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे दहातली नऊ मुलं या आजारापासून दूरच राहतात. तरीही सोयरीक जुळवताना काकाचा आजार दडवला जातो, आणि पुढे तो कळला की मुलीला माहेरी धाडलं जातं. मेंदूच्या जनुकांवर काम करणाऱ्याने पहिल्यांदा हा आकडा लोकांना नीट समजावून सांगायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

मेंदूचे सगळेच आजार इतक्या जनुकांत पसरलेले नसतात. काहींचं मूळ एकाच जनुकात असतं, आणि त्यातला एक फार मोलाचा शोध महाराष्ट्रात लागला. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली काही मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या मुलांचं डोकं पहिल्या वर्षातच मोठं होतं, पुढे हळूहळू चालणं बिघडतं, फिट्स येतात. समज मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहते. एमआरआयमध्ये मेंदूतला पांढरा भाग सुजलेला दिसतो. ही मुलं अग्रवाल कुटुंबांतली होती. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने या आजाराचं २२व्या गुणसूत्रावरचं एमएलसी-१ हे जनुक सापडलं आणि पुढे अग्रवाल रुग्णांतला नेमका बदलही कळला. १३५व्या जागी ‘सी’ हे एक अक्षर जादा.

हे एक अक्षर काय करतं? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. १३५ अक्षरांत ४५ त्रिकुटं बसतात, तोवर सगळं ठीक. त्यानंतर एक अक्षर घुसल्यामुळे पुढची प्रत्येक जोडणी सरकते. ३७७ कड्यांचं प्रथिन तयार व्हायचं, ते ऐंशीच्या आतच संपतं.

अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांत अग्रवाल कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून ही माहिती इथे कामाची. यात समाजाचा दोष काहीच नाही. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसातच लग्नं करणाऱ्या कुठल्याही समाजात हे घडतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यांतल्या ८१ समाजांत असा पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद निघाला. नात्यातच लग्न झालं, जसं मामाच्या मुलीशी, तर दोघांच्या जनुकांतला आठवा हिस्सा सरासरीने सारखा असतो. त्यांच्या मुलात सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून आलेला असतो.

जगाच्या माहितीसाठ्यात मात्र आपण नावापुरतेच. २००९ साली जनुकांच्या अशा अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ सालीही ८१ टक्के. भारताच्या जिनोम इंडिया प्रकल्पाने ९९ समाजांतल्या १०,००० माणसांचे जिनोम वाचले. ही खरोखर मोठी मजल आहे, पण देशात समाज आहेत ४,६००हून अधिक. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं घेतली होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

मग इथल्या विद्यापीठात हे काम का होऊ नये? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ची. हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, हा पत्ता लागला तेही १९८३ सालीच. म्हणजे आधुनिक मेंदू-जनुकशास्त्र आणि आपलं विद्यापीठ एकाच वयाचं. अडचण सांगितली जाते ती पैशाची, आणि ती खोटी नाही. २०२०-२१मध्ये भारताने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. त्यातला उच्च शिक्षण संस्थांचा वाटा अवघा ८.८ टक्के. दहा लाख लोकांमागे संशोधक २६२.

पण यंत्राचा खर्च किती घसरला आहे ते पाहा. अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या हिशेबाने २००१ साली एक जिनोम वाचायला साडेनऊ कोटी डॉलर लागत, मे २०२२मध्ये ५२५ डॉलर. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४० हजार रुपये होतात. २०२३पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. पाच वर्षांची बेरीज २४ लाख. म्हणजे एका संशोधकाची पाच वर्षं साठ जिनोमच्या खर्चात बसतात. यंत्र अमरावतीत नसलं तरी चालतं, डीएनए कुरिअरने पाठवता येतो.

पाठवता येत नाही ती घरची माहिती. राजापेठेतल्या एखाद्या दवाखान्यात बसून तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, कोण लहानपणी गेलं, कोणाला फिट यायची, कोण घर सोडून निघून गेलं हे आजीला हळूच विचारायचं, संमतीपत्र मराठीत, गरज पडली तर कोरकू भाषेत समजावायचं, मग जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं. वाकडं-तिकडं उत्तर आलं तर पुन्हा जायचं. डॉक्टरचं निदान नेमकं नसेल, तर लाखभर जिनोमही फुकट.

हे काम पाच वर्षांत उरकत नाही. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या अलीकडे-पलीकडे दिसू लागतो. आज ज्या घरात दहा वर्षांचं मूल आहे, तिथे आणखी पंधरा वर्षं जात राहायला हवं. त्यासाठी विद्यापीठात कायम जागा लागते, आणि फेलोशिप संपली की संशोधक बाई पुण्याला किंवा बंगळुरूला निघून गेल्या असं होऊ द्यायचं नसेल, तर ती जागा आधी भरावी लागेल, यंत्राची निविदा नंतर निघाली तरी चालेल.