उत्तरपत्रिकांची यंत्रद्वारा तपासणी

परीक्षेचा निकाल हातीं पडला कीं विद्यार्थी गुणांचा आंकडा पाहतो. तो आंकडा कोणीं दिला, कोठें बसून दिला आणि देणाऱ्याचें मन त्या वेळीं ताजें होतें कीं शिणलेलें, हें त्याला कधींच कळत नाहीं. पूर्वी हें काम तांबड्या शाईनें होई. कांदिवलीच्या फलाटावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशीं धरून चर्चगेटच्या गाडीची वाट पाहणारा शिक्षक हा आमच्या पिढीच्या ओळखीचा देखावा होता. आतां पुष्कळ परीक्षांतून तो गठ्ठा संगणकाच्या पडद्यावर आला आहे. या बदलानें काय साधतें व काय साधत नाहीं, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ही पद्धति कशी चालते तें पाहूं. उत्तरपत्रिकेच्या दर्शनी पानावर रेघांची एक सांकेतिक खूण असते. परीक्षकास तिच्यावरून विद्यार्थी ओळखतां येत नाहीं. यंत्रास मात्र येतो. परीक्षेनंतर पत्रिकेचीं पानें सुटीं करतात व स्कॅनर नांवाच्या यंत्रानें त्यांचीं छायाचित्रें घेतात. परीक्षक आपला परवलीचा शब्द देऊन तीं उघडतो. पडद्याच्या एका बाजूस विद्यार्थ्याचें पान आणि दुसऱ्या बाजूस गुणांचे रकाने असतात. बेरीज यंत्र करतें, आणि एखादा प्रश्न तपासावयाचा राहिला तर तसें बजावतें. म्हणजे उत्तर वाचणारा येथेंही माणूसच आहे. यंत्र केवळ हमाल, कारकून आणि पहारेकरी यांचें काम करतें.

स्वतः यंत्रानेंच गुण देण्याचे प्रयत्न निराळे, आणि तेही आजकालचे नव्हत. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत रेनॉल्ड जॉन्सन नांवाचे एक शाळामास्तर होते. त्यांच्या कल्पनेवरून आयबीएम कंपनीनें १९३८ च्या सुमारास एक यंत्र विक्रीस काढलें. शिसपेन्सिलीच्या खुणेंतून वीज वाहते, या साध्या तत्त्वावर तें बरोबर उत्तरें मोजी. आपल्याकडील स्पर्धापरीक्षांतून वर्तुळें काळीं करावयास सांगतात, तें याच कुळांतलें. फक्त तेथें विजेऐवजीं प्रकाशानें खूण ओळखली जाते. १९६० सालीं जॅक हॉलिंग्सवर्थ यांनीं विद्यार्थ्यांनीं लिहिलेले संगणकाचे प्रोग्राम संगणकाकडूनच तपासून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. आज पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी सहायक म्हणून खालच्या वर्गांचे स्वाध्याय तपासतात, त्यांना अशा साधनांचा मोठा आधार असतो. प्रोग्राम चालतो कीं नाहीं हें यंत्रास निश्चित सांगतां येतें.

निबंधाचें तसें नाहीं. १९६६ सालीं एलिस पेज यांनीं निबंध संगणकाकडून तपासून घेण्याचा मार्ग मांडला. निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हें यांची मोजणी करून गुणांचा अंदाज बांधावयाचा, अशी ती युक्ति. शिक्षकांच्या गुणांशीं तो अंदाज बराच जुळेही. परंतु २०१४ सालीं लेस पेरेलमन या अध्यापकांनीं कांहीं विद्यार्थ्यांच्या साह्यानें निरर्थक पण भारदस्त निबंध जुळविणारा एक प्रोग्राम बनविला, आणि अशा निबंधांना निबंध तपासणाऱ्या यंत्रांनीं भरघोस गुण दिले! यंत्रानें पोशाख पाहिला. आंत माणूस आहे कीं बुजगावणें हें पाहिलें नाहीं.

मग माणसाची दृष्टि तरी निर्दोष आहे काय? १९१२ सालीं अमेरिकेंतील स्टार्च व इलियट या दोघांनीं एकच इंग्रजीची उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकीं ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले. इतकें दूर तरी कशाला जावें? मीं स्वतः एकदां रात्रीं उशिरां वीसपैकीं दहा गुण दिलेला निबंध सकाळीं पुन्हां वाचला, तेव्हां तो चौदांचा वाटला. तो आंकडा मीं सुधारला. परंतु त्या रात्रीच्या इतर वह्या मीं पुन्हां वाचल्या नव्हत्या, हें मला अद्याप टोचतें. बेरजेची चूक यंत्र काढील. हा दोष यंत्र काढणार नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानें २०१७ च्या उन्हाळ्यांत सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचें ठरविलें. पत्रिका होत्या सुमारें १७ लाख. एका पत्रिकेचीं सरासरी ३२ पानें धरलीं, तर पांच कोटींहून अधिक छायाचित्रें झालीं. एकच यंत्र सेकंदास एक पान टिपूं लागलें, तर अहोरात्र चालूनही त्यास ६०० हून अधिक दिवस लागतील. अर्थात् यंत्रें पुष्कळ हवींत, माणसें शिकविलेलीं हवींत आणि तयारी फार आधीं हवी. याहून महत्त्वाचा हिशेब निराळाच आहे. एका पत्रिकेस दहा मिनिटें दिलीं, तरी १७ लाखांना २,८०,००० तासांहून अधिक वेळ लागतो. हा वेळ डोळ्यांचा आहे. गठ्ठा वाहण्याचा वेळ यंत्र वांचवितें. वाचण्याचा वांचवीत नाहीं.

कायद्याप्रमाणें निकाल ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, लागावयास हवा. तो तसा लागला नाहीं. कुलपति या नात्यानें राज्यपालांनीं घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. पुढील शिक्षणाचे प्रवेश आणि नोकऱ्या ज्यांच्या निकालावर अडून होत्या, त्या तरुणांचे ते महिने मात्र कोणी परत देऊं शकलें नाहीं.

यावरून यंत्र वाईट असें मी म्हणत नाहीं. नांव झांकलेलें राहणें, बेरीज न चुकणें, पत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे क्षणांत जाणें, हे लाभ लहान नाहींत. परंतु क्रम पाळला पाहिजे: आधीं एका लहान परीक्षेंत प्रयोग, मग शिक्षकांचा सराव, मग विस्तार. पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे. शंका असल्यास मुलाला रागें भरण्यापूर्वी ती पत्रिका मागवावी आणि त्याच्याजवळ बसून वाचावी.

शेवटीं, गुण देणें म्हणजे कोणी तरी आपलें लिहिणें मनापासून वाचलें, अशी विद्यार्थ्यास दिलेली ग्वाही होय. तांबडी शाई गेली तरी ती ग्वाही देण्याची जबाबदारी परीक्षकावर राहतेच. आणि ती त्यास नीट पार पाडतां यावी, म्हणून त्याच्या हातीं पुरेसा वेळ देणें हें परीक्षा घेणाऱ्यांचें कर्तव्य आहे.