पंच : नेरूल, नेपल्स आणि मुंबई

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या सुमारास तो मुंबई-सुरतेकडे होता. १६७५ मध्ये एका मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून घाट चढून तो जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात गोव्याच्या नेरूलचा उल्लेख आहे. सगळ्यात उत्तम अरक तिथे गाळली जाते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून अंगातले त्राण घालवणारे एक पेय करतात, असे तो सांगतो. पेयाचे नाव ‘पाँच’. हिंदुस्थानी भाषेत याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात, हा खुलासाही त्याचाच.

अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस, असे सहसा सांगतात. इंग्रजीतला ‘पंच’ हा पेयवाचक शब्द आपल्या आकड्यावरून आला, या समजुतीचा मोठा आधार म्हणजे फ्रायर. शब्द मात्र त्याच्याही आधीचा. १६३२ मध्ये कंपनीच्या एका नोकराने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो सापडतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो या पेयाला ‘पालेपुंट्झ’ म्हणतो. इंग्रजांच्या तोंडचे ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे वाडगाभर पंच, त्याच्या कानाला तसे ऐकू आले.

पण मांडेल्सलो जिन्नस देतो ते चारच : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. म्हणून काही अभ्यासक पाचाची व्युत्पत्ती मानत नाहीत. जहाजावरच्या दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्याचेच हे लघुरूप असावे, असे त्यांना वाटते. त्या काळी इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘पुंच’च्या जवळ जाणारा होता, ही त्यांची दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. तरीही माझा कौल फ्रायरला. जिनसांच्या संख्येवरून पदार्थाला नाव देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पंचामृतात एखाद्या दिवशी मध नसला म्हणून कोणी त्याचे नाव बदलत नाही, मग सुरतेच्या वाडग्यात एक जिन्नस कमी पडला म्हणून पाचाचा दावा का सोडायचा? शिवाय फ्रायर हा वैद्यकी जाणणारा माणूस. पाच औषधींच्या मिश्रणाला युरोपातले वैद्य ‘डायापेंटे’ म्हणत, याची आठवण तो तिथेच करून देतो. त्यातला ग्रीक ‘पेंते’ आणि संस्कृत ‘पंच’ ही एकाच मुळाची रूपे.

बॉक्सिंगमधल्या ठोशाचा या पेयाशी काही संबंध नाही. तो ‘पंच’ लॅटिनमधल्या टोचणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पंक्चर आणि पॉइंट हे त्याचे भाऊबंद. आधी अर्थ होता टोकदार हत्याराने टोचणे, मुठीचा मार नंतरचा. भोके पाडणारा पंच याच घरातला. बसच्या कंडक्टरच्या हातातला, टिकटिक वाजणारा पंच अनेकांना आठवत असेल. तिकिटावरच्या कोणत्या आकड्यावर भोक पडले, त्यावरून प्रवास कोणत्या टप्प्याचा ते कळे. अमेरिकेत हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेत हीच कल्पना पुढे नेली. माणसामागे एक कार्ड आणि त्याच्या माहितीची भोके. यंत्रातली पिन भोकातून उतरून पाऱ्याला टेकली की विजेचे मंडल पूर्ण होई आणि मोजणीचा काटा एका घराने पुढे सरके.

तिसरा पंच इटलीचा. नेपल्सच्या लोकनाट्यातले पुल्चिनेल्ला हे बाकदार नाकाचे पात्र बाहुल्यांच्या खेळातून इंग्लंडला पोचले. ९ मे १६६२ रोजी सॅम्युअल पेपिसने लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये हा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली. इंग्रजांच्या जिभेवर पुल्चिनेल्लाचा पंचिनेलो झाला आणि पुढे नुसता पंच. हातात काठी घेऊन बायकोपासून शिपायापर्यंत सर्वांना बडवणारा हा बाहुला १८४१ मध्ये निघालेल्या लंडनच्या साप्ताहिकाने नावासाठी उचलला. संपादकांपैकी एकाचे आडनाव होते लेमन. लिंबाशिवाय पंच कसला, या कोटीवरून हे नाव सुचले, अशी आख्यायिका आहे.

या साप्ताहिकाचे ऋण आपल्या दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांवरही आहे. ‘कार्टून’ म्हणजे मुळात भित्तिचित्राआधी जाड कागदावर काढलेला आराखडा. १८४३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी असे आराखडे प्रदर्शनात मांडले गेले. लंडनचे गरीब उपाशी असताना ही उधळपट्टी कशाला, असे विचारणारे जॉन लीचचे चित्र ‘पंच’ने ‘कार्टून क्रमांक १’ म्हणून छापले, आणि तेव्हापासून हा शब्द व्यंगचित्राचा झाला.

साप्ताहिकाची कीर्ती झपाट्याने हिंदुस्थानात पोचली. मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाला, लखनौला १८७७ मध्ये उर्दू ‘अवध पंच’ आला. ठाण्याहून ‘हिंदू पंच’ हे मराठी साप्ताहिक निघे. लंडनच्या वाचकाला पंच म्हटल्यावर बाहुला दिसे. ठाण्याच्या वाचकाच्या मनात मात्र त्याच शब्दाने निवाडा करणारे गावचे पंचही उभे राहत असणार, आणि सरकारला जाब विचारू पाहणाऱ्या पत्राला हा अर्थ मला जास्त शोभून दिसतो. मुंबईच्या ‘पारसी पंच’चा पुढे ‘हिंदी पंच’ झाला. त्याच्या व्यंगचित्रांत लंडनच्या मिस्टर पंचचा देशी अवतार वावरू लागला. विठोबा-खंडोबांच्या वळणावर त्याचे नाव ठेवले होते पंचोबा.